राशीवरची खूण

पेंटर म्हटलं की पिरंगुटात लोकांना बैलांची शिंगं आठवायची. एकोणीसशे एकोणसाठ साली मी पुण्याहून अक्षरं शिकून आलो, एस.टी.च्या थांब्याजवळ चहाच्या हॉटेलाला टेकून चार पत्र्यांचं दुकान उभं केलं आणि वर 'भिकू पेंटर' असा बोर्ड लावला. त्यातल्या 'भि'च्या वेलांटीवर मी तीन दिवस घालवले होते. पहिलं गिऱ्हाईक आलं ते दोन बैल घेऊन. पोळा जवळ आला होता.

"शिंगास्नी लाल लाव, झकास," गडी म्हणाला.

"मी अक्षरं काढतो," मी सांगितलं.

"काड की. आदी शिंगं रंगव, मग बैलावर काय काडायची ती अक्षरं काड."

मी भडकलो. मला राग लवकर येतो, अजूनही येतो. पण सकाळपासून दुसरं कुत्रंही दुकानात फिरकलं नव्हतं, म्हणून मुकाट्यानं शिंगं रंगवली. पोळ्यापर्यंत अठरा जोड्या झाल्या. बुधवार पेठेतल्या माझ्या गुरूंना हे कळू नये एवढीच देवाकडे प्रार्थना होती.

गुरू म्हणजे वाल्मीक मास्तर. त्यांच्याकडे मी सव्वा वर्ष राहिलो. पहिला महिना त्यांनी मला एकही अक्षर काढू दिलं नाही. निळीच्या पाण्यात बुडवलेलं सूत भिंतीवर ताणून धरायचं, मधून उचलून सोडायचं, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेवरून दिवसभर ब्रश फिरवायचा. दुसऱ्या दिवशी भिंत पुसायची आणि पुन्हा तेच. "अक्षर रेघेला टांगायचं," मास्तर म्हणायचे, "दोरीवर धोतर वाळत घालतोस ना, तसं. दोरी ढिली पडली तर धोतर चिखलात." महिन्यानंतर काना आला, मग वेलांट्या, मात्रा, आणि दिवाळीच्या सुमाराला कुठं मी अख्खा 'अ' काढला.

पुढं त्यांनी पत्र्याचा छापा कापायला शिकवलं. पत्र्यात अक्षर कापायचं, पत्रा गोणीवर ठेवून वरून रंग मारायचा, की खाली तेच अक्षर उमटतं. पहिल्याच छाप्यात मी 'व' पुरा कापला आणि त्याचं पोट टपकन माझ्या पायावर पडलं. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, मधला पत्रा बाहेरच्याला धरून ठेवायला बारीक पट्टी लागते. तिला पूल म्हणायचं. पूल नाही ठेवलास तर पोट जाणारच."

आणखी एक खोड होती त्यांची. बोर्ड झाला की मला रस्त्याच्या पलीकडे पिटाळायचे आणि डोळे अर्धे मिटून बघायला लावायचे. "काय दिसतं?" "अक्षरं," मी म्हणायचो. "मग पुन्हा काढ. दुकान दिसलं पाहिजे." मला वाटायचं, म्हाताऱ्याला छळायची हौस आहे. शिकलेल्या गोष्टींपैकी नेमकी हीच मी गावाकडे येताना विसरून आलो.

माझे वडील, कुशाबा, यांना आम्ही आबा म्हणायचो. ते कधी शाळेत गेले नव्हते. ते अधूनमधून दुकानासमोर येऊन उभे राहायचे, मान तिरपी करून माझ्या बोर्डाकडे बघायचे आणि म्हणायचे, "रंग बरा हाय." बस्स, एवढंच. मला ते फार लागायचं. सव्वा वर्ष पुण्यात राबून मी जे शिकलो, त्यातलं एक अक्षरही माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी रंगाचं कौतुक केलं की मला बैलाची शिंगंच आठवायची.

दसऱ्याच्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. "माघापत्तूर बघीन, भिकू. दुकान चाललं तर चाललं. न्हाई चाललं तर नांगरटीला यायचं, आन पुन्यांदा बुरूश धरायचा न्हाई. एका घरात दोन येडी नगंत."

"दुसरं कोण?" आईनं विचारलं.

"मीच की. ह्येला पुण्याला धाडला कुनी?"

ते हसत बोलले, पण शब्दाला पक्के होते. माघ म्हणजे चार महिने. माझ्याकडे कामं होती ती बैलगाड्यांवर नंबर टाकायची आणि हॉटेलात 'येथे थुंकू नये' लिहायची. लोक त्या पाटीखाली बसूनच थुंकायचे.

त्याच दिवाळीत कोंडाजीतात्यांनी सोसायटी काढली. तात्यांची शेती पिरंगुटाच्या वरच्या अंगाला होती, आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. मुठ्यापासून भुकूमपर्यंतच्या एकवीस शेतकऱ्यांना त्यांनी गोळा केलं, त्यात आबाही होते. आपला आंबेमोहर तांदूळ सगळ्यांनी एकत्र पुण्याच्या भुसार बाजारात न्यायचा, एकाच छापाच्या गोण्यांमधून, म्हणजे गिऱ्हाईक तो छाप मागत येईल. छाप कोण करणार, तर पुण्याला शिकून आलेला भिकू पेंटर. मी दुकानाची फळी लावली ती आठ दिवस काढलीच नाही.

मी मोर काढला. काय मोर होता! पिसारा फुलवलेला, एकेका पिसाला डोळा, तुऱ्याची पाच पिसं सुटी, आणि पिसाऱ्याखाली तीन ओळींत 'मुळशीचा सुगंधी आंबेमोहर'. पूल इतके नाजूक ठेवले होते की मास्तरांनीही पाठ थोपटली असती. ज्यांची झोडणी लवकर झाली होती त्यांच्या साठ गोण्यांवर मी स्वतः निळ्या रंगानं छाप मारला. आबा बाजूला उभे होते. "निळा बरा हाय," ते म्हणाले.

गाड्या पहाटे निघाल्या. मी कोंडाजीतात्यांच्या गाडीत बसलो, कारण बाजारानं माझा मोर बघितलेला मला बघायचा होता.

भुसार बाजारात हमाल गाडीवरची गोणी पाठीवर घेतो, वाकून धावतो आणि थप्पीवर टाकतो. ती कशी पडेल तशी पडते. माझे मोर उलटे पडले, आडवे पडले, काही छातीवर पडले ते दिसलेच नाहीत. घामानं आणि पाठींच्या घासण्यानं पिसाऱ्याचे डोळे एकमेकांत मिसळले. शेजारच्या थप्पीतल्या गोण्यांवर कुणा व्यापाऱ्याचं निळं कमळ होतं. दुपारपर्यंत कमळं कुठली आणि मोर कुठले ते मलाही सांगता येईना. भैरू नावाचा हमालांचा मुकादम पाठ सरळ करत माझ्याकडं आला.

"ह्ये मेलेल्या कोंबडीचं चित्र कुनी काडलं?"

कोंडाजीतात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

सात गोण्या कमळवाल्याच्या थप्पीत गेल्या होत्या. त्या शोधायच्या कशा? आंबेमोहराला वास असतो. आमचे चेअरमन, पांढराशुभ्र पटका बांधलेले कोंडाजीतात्या, गुडघ्यांवर बसून एकेका गोणीला नाक लावत निघाले आणि सगळा बाजार काम सोडून बघत उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली. मला त्या थप्पीखाली गाडून घ्यावंसं वाटलं. संध्याकाळी सातवी गोणी सापडली.

निघण्याआधी मी रागारागात भैरूला गाठलं. "मामा, तुम्हाला वाचता येत नाही, त्यात माझी काय चूक?"

तो बिडी पेटवत शांतपणे म्हणाला, "पोरा, माज्या पाठीवर गोनी असती. मान खाली. एका डोळ्यानं वाट बघायची, एका डोळ्यानं थप्पी. तेवढ्यात कळाया पायजे, ही गोनी कुटं जायाची. मोराची पिसं मोजू कवा?"

माझा राग तिथंच विरला, कारण बुधवार पेठेतल्या रस्त्याच्या पलीकडे उभं करून मास्तर मला हेच तर विचारायचे. परतीच्या वाटेवर तात्या भूगाव येईपर्यंत पटक्याच्या शेवटानं नाक पुसत बसले होते. मग म्हणाले, "पौषात दुसरी खेप हाय. तवर जमव. न्हाईतर छाप पुण्यातनं करून आनतो. मला पुन्यांदा वास घ्यायचा न्हाई." पौषानंतर माघच. हे काम गेलं असतं तर दुकानही गेलंच असतं.

पुढचे पंधरा दिवस मी सूर्य काढला, लोंबी काढली, कोयता काढला. प्रत्येक चित्र पाटीवर काढायचो, पाटी उलटी करून रस्त्यापलीकडे टेकवायचो आणि डोळे बारीक करून बघायचो. उलटा सूर्य बरा दिसायचा, पण तो तर दर दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गोणीवर होता. उलटी लोंबी झाडूसारखी दिसायची. हॉटेलवाला मला रस्ता ओलांडताना बघून कपाळाला हात लावायचा.

मार्गशीर्षाच्या शेवटी आमची झोडणी झाली. खळ्यावर भाताची रास लागली. रास घरी न्यायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात कुणी हात मारू नये म्हणून आमच्याकडे तिच्यावर राखेची खूण करतात. कुणी मूठभर जरी भात काढलं तरी रास घसरते आणि खूण मोडते. प्रत्येक घराची खूण वेगळी असते आणि ती दुसऱ्या घरानं वापरायची नसते. हे मी लहानपणापासून बघत होतो, म्हणजेच कधी नीट बघितलं नव्हतं.

त्या दिवशी आबांनी शेराचं माप ओल्या राखेत बुडवून राशीवर दाबलं. गोल उमटला. मग राखेच्या बोटानं गोलातून बाहेर चार रेघा ओढल्या, चार दिशांना. राशीच्या माथ्यावर एक, मग सभोवार आणखी. मी बांधावर बसलो होतो, चांगला पन्नास पावलांवर. डोळे अर्धे मिटायची मला सवयच लागली होती. गोल आणि चार रेघा मला लख्ख दिसल्या.

मी उठलो आणि राशीभोवती चालत गेलो. कुठूनही बघा, तीच. उलटी होतच नव्हती.

"आबा, चारी बाजूंना का करता?"

"मग? चोर काय म्होरल्या दारानं येतो व्हय?" आबा हात धूत म्हणाले.

इथं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घाई केली. दुसऱ्याच दिवशी सोसायटीची बैठक होती, देवळाच्या ओट्यावर. आबांना एका शब्दानं न विचारता मी सगळ्यांसमोर फरशीवर खडूनं तो गोल आणि चार रेघा काढल्या आणि म्हणालो, "हा आपला छाप."

मग म्हातारे गेणबा काठी आपटत उठले. "ही कुशाबाच्या घरची खून हाय. आमच्या एकवीस घरांच्या गोन्यावर कुशाबाचं घर कशापायी? उद्या म्हनशील, तांदूळ बी त्येचाच."

"बराबर हाय," दोघंतिघं म्हणाले.

मी आबांकडे बघितलं. ते कोपऱ्यात बसले होते आणि खडूच्या त्या गोलाकडे बघत होते. घरची खूण न विचारता चव्हाट्यावर मांडणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या पणजोबांपासून ती आमच्या राशीवर होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खडू पुसायला वाकलो.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. ते उठले, ओट्याच्या मध्ये आले. "गेणबा, तुमी म्हन्ता त्ये खरं हाय. एका घराची खून एकवीस घरास्नी चालायची न्हाई. मग ती माजी न्हाई आजपास्नं. सोसायटीची. माज्या राशीवर पुन्यांदा उमटायची न्हाई. झालं?"

गेणबा काठी टेकत पुन्हा खाली बसले. "झालं," ते म्हणाले. "पर तुजी रास?"

"बघू की," आबा म्हणाले आणि पटका सारखा करून चालायला लागले.

घरी आई दोन दिवस आमच्या दोघांशी बोलली नाही. "मामंजींची खून व्हती ती," एवढंच तिसऱ्या दिवशी म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी जरा आदळूनच वाढली. आबांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "आदी इच्यारायचं असतं. आता काप पत्रा."

पत्रा कापला तेव्हा ते प्रथमच दुकानात आत येऊन बसले. गोल सलग कापला असता तर मधला पत्रा पडला असता, म्हणून मी चार जागी पूल ठेवले. आबांना ते खटकलं. "गोल तुटका कशापायी?"

मी त्यांना 'व'च्या पोटाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हंजी मदल्याला धरून ठिवायला काईतरी सोडावं लागतं." आणि मग स्वतःच पुलांची जागा दाखवली, रेघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे गोल चारी अंगांनी सारखा दिसेल. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. अक्षर मी एकच ठेवलं, गोलाच्या आत, 'मु'. बाकी सुगंधी वगैरे सगळं काढून टाकलं. वास तर गोणीतून येतच होता. रंग लाल, आणि छाप प्रत्येक गोणीच्या चारी अंगांना.

पौषात नव्वद गोण्या निघाल्या. या वेळी आबाही गाडीत बसले. बाजारात पोचल्यावर ते खाली उतरले आणि गर्दी बघून एका खांबाशी उभे राहिले. मी गाड्यांपाशी थांबलो. हमालांनी गोण्या उचलायला सुरुवात केली. भैरू मुकादम पाठीवर गोणी घेऊन माझ्यासमोरून वाकून धावत गेला, मान न उचलता ओरडला, "लाल चाकी डाव्या हाताला!" आणि मागून येणारे सगळे डाव्या हाताला वळले. चाकी म्हटलं त्यानं. मी काही सूर्य, मोर, चंद्र म्हणून सांगितलं नव्हतं, त्याचं नाव त्यानंच ठेवलं. दोन तासांत थप्पी रचून झाली. गोण्या उलट्या पडल्या, आडव्या पडल्या, आणि काहीही बिघडलं नाही. कोंडाजीतात्या तपकीर ओढत आरामात उभे होते. त्या दिवशी त्यांच्या नाकाला एवढंच काम होतं.

मी आबांना शोधत गेलो. ते रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे होते. मधून हातगाड्या, टांगे, माणसं जात होती, आणि पलीकडे सगळ्या व्यापाऱ्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, कमळं, हत्ती, लांबलचक इंग्रजी आणि मराठी अक्षरं. आबांना तिकडे उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

त्यांनी बोट उचललं. "ती आपली," ते म्हणाले. मग बोट थोडं पुढं नेलं. "आन ती मागं हाय ती बी. त्या दोन गोन्या कोपऱ्यातल्या, त्या बी."

"हो."

ते बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिकू, तू लिवलेलं आज पैल्यांदा मी वाचलं."

मी रागीट माणूस, मला रडायला आवडत नाही, पण त्या पायरीवर मी रडलो आणि एका हातगाडीवाल्यानं ते बघितलं.

माघात शेतात नांगरटीला आबांनी एक गडी लावला. मला काही बोलले नाहीत. एका सकाळी मी दुकानाची फळी काढत होतो, तर ते समोर येऊन उभे राहिले. मान तिरपी करून बोर्डाकडं बघितलं नाही. आत आले, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

"राशीला खून पायजे," ते म्हणाले. "नवी. माजी मी दिली कुनाला तरी."

मी पाटी पुढं ओढली आणि खडू हातात घेतला.

"चारी अंगांनी सारखी दिसली पायजे," आबा म्हणाले. "आन सलग गोल नगं. त्यात पूल ठिव."